पंडिता रमाबाई : श्रद्धा आणि हिशेब



२०१० साली पेण अर्बन बँकेचे व्यवहार थांबले आणि आपल्या परिसरातील हजारो घरांची पुंजी अडकली. तेव्हापासून पैशाविषयी दोन टोकांची बोलणी कानावर येतात. एक म्हणतो, देव बघून घेईल. दुसरा म्हणतो, पैशाच्या बाबतीत देवाला मध्ये आणू नये. या दोघांनीही पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचावे असे मला वाटते. रमाबाई कॅथलिक नव्हत्या. इंग्लंडमधील वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा स्नानसंस्कार अँग्लिकन चर्चमध्ये झाला. परंतु एवढ्यावरून या थोर ख्रिस्ती भगिनीला परके मानण्याचे कारण नाही.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्या काळात त्यांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्या माऊलीने मुलीला. घरची मालमत्ता अतिथींच्या सरबराईत संपली, मग सारे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडू लागले. हाती राहिलेला पैसा दानात आणि अनुष्ठानांत गेला. १८७० नंतरच्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने वारली. अंगमेहनतीची सवय कुणालाच नव्हती आणि भीक मागायची लाज वाटे. एवढी विद्या घरात असून उपासमार झाली, ही गोष्ट रमाबाई जन्मभर विसरल्या नाहीत.

येथे आपण दुसऱ्या धर्माकडे बोट दाखवू नये. कर्ज फिटावे म्हणून माहीमला नऊ बुधवार नोव्हेना करणारे आणि दहाव्या बुधवारी नवा हप्ता अंगावर घेणारे आपल्यातही आहेत.

१८८२ मध्ये पतीचे निधन झाले. पदरी लहानगी मनोरमा. तरी इंग्लंडच्या प्रवासाचा खर्च त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ हे स्वतःचे पुस्तक विकून उभा केला. पुढे अमेरिकेतही पुस्तक लिहिले, व्याख्याने दिली. बोस्टनमध्ये त्यांच्या कार्यासाठी मंडळ स्थापन झाले आणि त्याने दहा वर्षे मदत करण्याचे वचन दिले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले. पुढल्या वर्षी ते पुण्याला हलले.

दहा वर्षे म्हणजे दहाच वर्षे, हे रमाबाईंनी पहिल्यापासून ध्यानात ठेवले. मुदत संपल्यावर सदन चालायचे कशावर? त्यांनी केडगाव स्टेशनजवळ जमीन घेतली आणि फळझाडे लावली. झाडे मोठी होतील, फळे विकली जातील, मुलींचा खर्च निघेल, असा तो साधा हिशेब होता. त्याच काळात त्यांनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांचे चरित्र वाचले होते. हे गृहस्थ कुणापुढे हात न पसरता केवळ प्रार्थनेवर अनाथाश्रम चालवत. रमाबाईंना ते फार भावले, पण म्हणून त्यांनी झाडांना पाणी घालणे थांबवले नाही.

झाडे फळाला येण्याआधीच १८९६ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. उपाशी मुली पाहून त्यांना आपलेच बालपण आठवले. अमेरिकेतून येणारा पैसा शारदा सदनासाठी ठरलेला होता. या मुलींसाठी त्यांच्यापाशी काहीच तरतूद नव्हती. तरीही त्यांनी सुमारे ३०० मुली आणल्या. आपल्या घरखर्चाच्या दृष्टीने पाहिले तर हा वेडेपणाच. मला मात्र वाटते, दहा वर्षांपुढचा हिशेब मांडणाऱ्या बाईनेच असे पाऊल उचलले म्हणून त्याला श्रद्धा म्हणायचे; ज्याने हिशेब कधी मांडलाच नाही, त्याच्या धाडसाला दुसरे नाव आहे.

संत थॉमस अक्वायनस शिकवतात की परमेश्वर मूळ कारण आहे, आणि तो जगाचा कारभार दुय्यम कारणांच्या हातून चालवतो. केडगावात ही दुय्यम कारणे म्हणजे विहिरी, हातमाग, तेलघाणी, गाईगुरे आणि छापखाना. रमाबाई पहाटे प्रार्थनेला बसत, दूरच्या मित्रांना कामाचा वृत्तान्त कळवत, आणि मुक्ती सदनातील प्रत्येक मुलीला हाताला येईल असे एखादे काम शिकवत. १९०० च्या सुमारास तेथील संख्या २,००० च्या घरात गेली होती. आईवडिलांच्या घरी जे नव्हते ते, म्हणजे कष्टाची सवय, त्यांनी या मुलींना दिले.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारल्या. पुढे सारा कारभार त्यांच्याच हाती जायचा होता. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर पूर्ण करीत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. केडगावची संस्था आजही चालू आहे. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागते.