ब्रामाचे दाबयंत्र

मोटारी दुरुस्त करणाऱ्या गॅरेजमध्ये तुम्ही कधी गेला आहात का? तेथे कोपऱ्यात एखादी लोखंडी चौकट उभी दिसेल. पुष्कळदा मिस्त्रीने भंगारातले जाड लोखंड जोडून ती स्वतःच बनवलेली असते. चौकटीत एक छोटा जॅक असतो. मिस्त्री त्याचा दांडा वरखाली करतो आणि हातोड्याला दाद न देणारे बेअरिंग सरकन बाहेर येते. असे दाबयंत्र प्रथम बनवले जोसेफ ब्रामा याने.

ब्रामाचा जन्म १७४८ साली इंग्लंडमधील यॉर्कशायर येथे एका शेतकऱ्याच्या घरी झाला. सोळाव्या वर्षी त्याच्या पायाला दुखापत झाली. शेतीची कामे होईनात, म्हणून तो सुतारकाम शिकला आणि पुढे लंडनला गेला. तेथे त्याने बनवलेले कुलूप फार गाजले. ते किल्लीशिवाय उघडणाऱ्यास २०० गिनी बक्षीस ठेवले होते. १८५१ पर्यंत ते कोणालाच उघडता आले नाही!

दाबयंत्राचे तत्त्व मात्र ब्रामाचे नव्हे. बंद भांड्यातील पाण्यावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो, हे फ्रान्समधील पास्कलने सुमारे एकशे चाळीस वर्षे आधीच सांगितले होते. लहान दट्ट्यापेक्षा मोठा दट्ट्या क्षेत्रफळाने शंभरपट असेल, तर जोरही शंभरपट मिळतो. मग इतकी वर्षे हे यंत्र कोणी का बनवले नाही? अडचण साधी होती. दाब वाढला की दट्ट्याच्या कडेने पाणी गळे. फट घट्ट बुजवली, तर दट्ट्याच अडकून बसे.

ब्रामाच्या कारखान्यात हेन्री मॉडस्ले नावाचा तरुण कारागीर होता. यावरची युक्ती त्याचीच, असे अनेक जाणकार मानतात. चामड्याची एक खोलगट कडी पाण्याकडे तोंड करून बसवली. पाणी तिच्यात शिरून तिच्या कडा बाहेर दाबी. दाब जितका जास्त, तितकी कडी घट्ट. दाब काढला की ती सैल होई. गळणारे पाणीच गळती थांबवू लागले!

१७९५ साली यंत्राचे पेटंट ब्रामाच्या नावाने झाले. मॉडस्लेला आठवड्याला तीस शिलिंग मिळत. घरखर्च भागेना, म्हणून त्याने पगारवाढ मागितली. ब्रामाने ती नाकारली. एवढ्या हुशार माणसाने ही मोठी चूक केली, असे मला वाटते. १७९७ साली मॉडस्ले निघून गेला आणि स्वतःच्या बळावर नामांकित यंत्रकार झाला.

ब्रामा मात्र शेवटपर्यंत कामात राहिला. १८१४ साली हँपशायरच्या जंगलात त्याचे दाबयंत्र झाडे मुळासकट उपटत होते. तेथे देखरेख करताना त्याला थंडी बाधली आणि त्याच डिसेंबरमध्ये तो वारला.

आपल्याकडे कापसाच्या गाठी बांधणारे प्रेसही याच तत्त्वावर चालतात. गॅरेजमध्ये एखादा जॅक उघडलेला दिसला, तर मिस्त्रीला ती कडी दाखवायला सांगा. आता चामड्याऐवजी ती बहुधा रबराची असते.