लक्ष्मणराव किर्लोस्करांची पहिली नोकरी

कॅम्पसचे वारे वाहू लागले की आपल्या हॉस्टेलमध्ये दोन गोष्टी हमखास घडतात. एक म्हणजे सगळ्यांचे रिझ्युमे एकमेकांसारखे दिसायला लागतात (एकाने बनवायचा आणि बाकीच्यांनी नाव बदलायचं!). दुसरी म्हणजे एरवी सकाळी आठचं लेक्चर चुकवणारी मंडळी भल्या पहाटे लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना दिसतात. गिरिजात्मजाला साकडं घालायचं, की बाप्पा, अॅप्टिट्यूड तरी क्लिअर होऊ दे. पायऱ्या तीनशेच्या आसपास आहेत आणि प्रत्येक पायरीवर एक नवं टेन्शन आठवतं. कोअर कंपनी येणार की नाही? सॉफ्टवेअरची ऑफर आली तर घ्यायची का? मेकॅनिकल शिकून कोडिंग करायचं, मग चार वर्षं थर्मोडायनॅमिक्स कशाला घोटलं? एखादा बॅकलॉग असेल तर मग बोलायलाच नको.

मी तिसऱ्या वर्षाला मेकॅनिकलला आहे. आमच्या वर्गात आम्ही मोजून सहा मुली. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे एडिसन आणि हेन्री फोर्ड यांच्यावर निबंध लिहून झाले होते. पण किर्लोस्कर हे नाव माझ्या लेखी फक्त आजोबांच्या विहिरीवरच्या इंजिनावर कोरलेलं नाव होतं. त्या नावाचा एक माणूस होता, त्यालाही कधीतरी पहिली नोकरी शोधावी लागली होती, आणि ती त्याला तो ज्यासाठी घरातून निघाला त्या विषयात मिळालीच नव्हती, हे मला लायब्ररीत बसून वाचायला लागल्यावर कळलं. तेव्हापासून जो तो भेटेल त्याला मी हे सांगत सुटले आहे. आता तुमची पाळी!

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावचा. घरात वेदान्ताची परंपरा, वडील काशिनाथपंतांचा त्यात अभ्यास. या मुलाचं मात्र शाळेत लक्ष नाही. त्याला आवडायच्या दोनच गोष्टी, चित्रं काढणं आणि यंत्रं. आजच्या भाषेत सांगायचं तर मार्कशीट दाखवण्यासारखी नव्हती. चित्रकार व्हायचं त्यांनी ठरवलं. वडिलांना हे पसंत नव्हतं, पण थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी उभे राहिले, पैशाची सोय केली आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

दोन वर्षं झाली आणि लक्षात आलं, की काही रंगांतला फरक त्यांच्या डोळ्यांना कळतच नाही. अंशतः रंगांधळेपणा! चित्रकाराला याहून मोठी अडचण कुठली असणार? वय अठराच्या आसपास, वडिलांचा विरोध पत्करून आलेला मुलगा, भावाचे पैसे खर्च झालेले. आपल्यापैकी एखाद्याची ब्रँच चुकली तर तो आठवडाभर मेसमध्ये कोणाशी बोलत नाही. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेघ धरली. जे. जे. मध्ये ते मेकॅनिकल ड्रॉइंगही शिकत होते. त्यात रंगांचं काम नाही. माप अचूक हवं, हात स्थिर हवा. आपण पहिल्या वर्षी ज्या विषयाला सगळ्यात जास्त शिव्या घालतो (मिनी ड्राफ्टर घेऊन बसमध्ये चढणाऱ्यांना मी काय म्हणते ते कळेल!), त्याच विषयाने या माणसाला पोटाला लावलं.

मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली होती. आपण जिला व्हीजेटीआय म्हणतो तीच, आता वीरमाता जिजाबाईंच्या नावाची. ती तेव्हा भायखळ्याला होती, माटुंग्याला पुढे १९२३ मध्ये गेली. तिथे लक्ष्मणरावांना मेकॅनिकल ड्रॉइंगचे सहायक शिक्षक म्हणून नोकरी लागली. इंजिनिअरिंगची पदवी नाही आणि शिकवायचं मात्र इंजिनिअर होऊ घातलेल्यांना.

मला खरं आश्चर्य वाटलं ते यापुढच्या भागाचं. नोकरी लागली की आपण अभ्यास संपला म्हणतो. लक्ष्मणरावांचा अभ्यास तिथून सुरू झाला. जे यंत्र कागदावर काढायला शिकवायचं ते आतून कसं चालतं हे आपल्याला माहीत हवं, म्हणून ते सुट्टीच्या दिवशी कारखान्यांतून जाऊन यंत्रं चालवायला शिकायचे. वाफेचं इंजिन, लेथ, जे दिसेल ते. तिकडच्या देशांतली यंत्रांवरची मासिकं मिळवून वाचायचे. पगारी माणूस सुट्टी घालवून फुकट इंटर्नशिप करतोय असं समजा. ना सर्टिफिकेट, ना रिझ्युमेत लिहायला एक ओळ.

याच काळात सायकलींचा धंदा सुरू झाला. सायकल ही तेव्हा नवलाईची आणि महागडी वस्तू, आजची इलेक्ट्रिक कार म्हणा ना. लक्ष्मणराव मुंबईत सायकली विकत घ्यायचे आणि बेळगावला रामूअण्णांकडे पाठवायचे. रामूअण्णा त्या विकायचे, वर गिऱ्हाइकाला चालवायला शिकवायचे आणि त्याचे वेगळे पंधरा रुपये घ्यायचे. किर्लोस्कर ब्रदर्सची सुरुवात १८८८ सालची धरतात ती या दुकानापासून. आपले सीनियर ‘स्टार्टअप’ हा शब्द तोंडात ठेवून फिरतात, पण एक भाऊ पगारावर आणि दुसरा दुकानावर ही साधी व्यवस्था त्यात कुठेच बसत नाही. लक्ष्मणरावांनी रागाच्या भरात नोकरीवर लाथ मारली असं नाही. दुसरा पाय टेकायला जागा आधी तयार होती, हे नीट ध्यानात घ्यायला हवं. पॅशन फॉलो करा म्हणणारे पाहुणे गेस्ट लेक्चरला येतात तेव्हा हा भाग कोणी सांगत नाही.

नोकरी सुटली ती बढतीवरून. वरची जागा रिकामी झाली, हक्क लक्ष्मणरावांचा होता, पण ती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. काम कसं आहे यापेक्षा माणूस कोण आहे हे बघून. त्या काळात अशा गोष्टी मुकाट्याने गिळण्याची सगळ्यांना सवय होती, कारण सरकारच तसं होतं. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावचा रस्ता धरला. पुन्हा कोणाकडे नोकरी मागायला ते गेले नाहीत.

बेळगावात सायकलींच्या जोडीला त्यांनी छोटा कारखाना काढला. आधी कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. आपल्याकडचा लाकडी नांगर जमीन ओरखडतो, लोखंडी नांगर ती खालवर करतो, उलटतो. तण मुळासकट वर येतं, पाणी आत मुरतं. आज जुन्नर-आंबेगावात कोणाच्याही शेतात ट्रॅक्टरमागे पलटी नांगर दिसतो आणि आपल्याला त्याचं काही वाटत नाही. पण त्या वेळी शेतकऱ्यांनी नांगर घ्यायलाच नकार दिला. लोखंडानं जमीन विषारी होते अशी समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली म्हणतात. दोन वर्षं! आपण चार कंपन्यांत रिजेक्ट झालो की घरी फोन करून रडतो. (मीही याला अपवाद असेन असं वाटत नाही.) आणि विचार केला तर शेतकऱ्यांची तरी काय चूक? जमीन एकच, प्रयोग फसला तर वर्ष उपाशी. बोलून त्यांची समजूत पटणार नव्हती. नांगर त्यांच्या मातीत चालवून दाखवावा लागणार होता आणि तुटला तर कारखान्यात आणून पुन्हा ओतावा लागणार होता.

जरा जम बसतोय तोच बेळगावच्या नगरपालिकेनं कारखान्याची जागा सोडायला सांगितलं. नवी वस्ती वसवायची होती. चाळिशीतला माणूस, बायकामुलं, यंत्रं, कामगार, आणि जायचं कुठे ते माहीत नाही. तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. ते स्वतः चित्रकार, आणि हे चित्रकार व्हायचे राहिलेले! औंधच्या देवळातल्या सभामंडपाच्या कामामुळे त्यांची ओळख होती. राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर जागा दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. जागा म्हणजे काय, तर माळरान. निवडुंग आणि साप. १० मार्च १९१० ला तिथे किर्लोस्करवाडी वसायला सुरुवात झाली.

आता माझ्या सगळ्यात आवडीचा भाग. या माळावर नोकरीला येणार कोण? आजच्या कंपनीने जाहिरात दिली असती : साठ टक्के सलग, एकही बॅकलॉग नको, कम्युनिकेशन स्किल उत्तम. लक्ष्मणरावांकडे जी माणसं जमली ती पाहिली तर आपल्या प्लेसमेंट सेलच्या पहिल्या चाळणीतच निम्मी बाद झाली असती. शंभूराव जांभेकर हे हरहुन्नरी इंजिनिअर, त्यांचं ठीक. मंगेशराव रेगे हिशेब आणि कारभार बघायचे. के. के. कुलकर्णी विक्री बघायचे आणि पडेल ते कामही करायचे. पण अनंत फळणीकर? त्यांचं शाळेचं शिक्षणच धड झालं नव्हतं. इकडून तिकडे भटकत राहिलेला मुलगा. तो इथे आला, यंत्रांत रमला आणि कल्पक इंजिनिअर म्हणून नावाजला गेला. फळणीकरांच्या हातात कोणता पेपर दिला असता तर ते पास झाले असते, हा प्रश्न मी आमच्या रूमवर विचारला. दोन तास वाद झाला आणि उत्तर काही निघालं नाही.

याहून धाडसाची निवड राखणदारांची. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे दोघे शिक्षा भोगून आलेले होते. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता आणि रामोशांसारख्या समाजांकडे एरवीही संशयानं बघितलं जायचं. आज जॉइन होण्याआधी कंपनी आपलं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करते, पोलीस स्टेशनचा दाखला मागते. लक्ष्मणरावांनी नेमक्या याच माणसांच्या हातात वस्तीची राखण दिली आणि त्या दोघांनी ती इमानानं केली. जन्मामुळे डावलणं काय असतं याचा एक छोटा अनुभव त्यांनी स्वतः मुंबईत घेतला होता, त्याचा याच्याशी संबंध असावा असं मला वाटतं. पुस्तकात तसं लिहिलेलं नाही, हे माझं मत. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही हा तर त्यांचा नियमच होता.

नव्या नोकरीचे पहिले दिवस कसे होते? इंडक्शन नाही, वेलकम किट नाही. आधी निवडुंग तोडायचा, मग शेड उभारायची, मग यंत्रं बसवायची, मग नांगर. मालकही त्याच माळावर राहायचे. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई कामगारांच्या जेवणाचं बघायच्या. इतिहासात त्यांचं नाव एका ओळीत येतं, पण रोज भाकरी मिळाली नसती तर या माळावर कोण टिकलं असतं?

पुढचं बरंच तुम्हाला माहीत असेल. १९२० साली वाडीतून छापील खबरपत्र निघालं आणि त्याचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. शंकरराव किर्लोस्करांनी ते नावारूपाला आणलं. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीला मेकॅनिकल शिकून १९२६ मध्ये परत आले. वाडीत फळणीकरांसारखी पदवीशिवाय घडलेली माणसं होती, तिथे एमआयटीची पदवी घेऊन कामाला सुरुवात करायची! कोण कोणाला काय शिकवत असेल ते बघायला मला आवडलं असतं. १९४६ साली पुण्यात खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला. वीज यायच्या आधी आपल्या भागातल्या किती तरी विहिरींचं पाणी अशा इंजिनांनीच वर काढलं. आजोबांचं इंजिन आता गंजून गोठ्यात पडलंय, पण ते द्यायला ते अजून तयार नाहीत. भंगारवाला तीनदा येऊन गेला.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ ला गेले. १९६९ मध्ये जन्मशताब्दीला त्यांचं पोस्टाचं तिकीट निघालं. ज्या कुंडल रोड स्टेशनवर १९१० साली त्यांची यंत्रं आणि माणसं उतरली, त्या स्टेशनचं नाव पुढे बदललं. पुण्याहून मिरजेला रेल्वेने जाल तेव्हा खिडकीशी बसा. फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर किर्लोस्करवाडी असं लिहिलेलं दिसेल.

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)