राजगृह : दोन स्वभावांचं घर

ड्रॉइंग हॉलमध्ये आम्ही सिव्हिलवाले घराचा प्लॅन काढतो तेव्हा खोलीत दोनच गोष्टी लिहितो, नाव आणि माप. त्या खोलीत बसणाऱ्याच्या मनाचं काय? मी पिशोरचा. आमच्याकडच्या जुन्या घरांत ओसरी आल्यागेल्याची आणि माजघर घरच्यांचं, हे न सांगता कळायचं. पण असा विचार मुद्दाम करून घर कोणी बांधलं, असं विचाराल तर मी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव घेईन.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूचा. शाळेत असताना ते मुंबईला परळच्या चाळीत एका खोलीत राहिले. तिथंच चूल, तिथंच धूर, तिथंच झोप आणि तिथंच अभ्यास. वडील, सुभेदार रामजी, त्यांना लवकर झोपवायचे आणि रात्री दोनला उठवायचे. शांत जागा नव्हती, म्हणून शांत वेळ शोधली!

कोलंबिया आणि लंडनला शिकून आल्यावरही संसार कित्येक वर्षं परळच्या चाळीतच होता. १९३० नंतर त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत स्वतःचं घर बांधलं. नाव ठेवलं राजगृह, प्राचीन मगधाच्या राजधानीचं. खाली कुटुंबाच्या खोल्या, वर ग्रंथालय आणि कार्यालय. खाली रमाईंचा संसार, चूल, देवाधर्माचं. वर नुसती पुस्तकं. हा संग्रह पुढं ५० हजारांवर गेला असं सांगतात. एकाच घराचे दोन स्वभाव, मध्ये फक्त जिना.

पण खालचा मजला फार दिवस तसा राहिला नाही. चार लेकरं गमावलेल्या रमाई २७ मे १९३५ ला याच घरात गेल्या. वर शांतता हवी होती म्हणून मजला वेगळा काढला, आणि आता खालीही शांतता आली. ती कुठल्याच प्लॅनमध्ये नव्हती.

बाबासाहेब वाचत राहिले, लिहीत राहिले. १९५० साली त्यांनी तेव्हाच्या औरंगाबादला मिलिंद कॉलेज सुरू केलं. ज्यांच्या घरी अभ्यासाला कोपराही नव्हता, अशा मराठवाड्यातल्या किती पोरांची त्यामुळं सोय झाली! ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत त्यांचं महापरिनिर्वाण झालं. अंत्यदर्शनासाठी त्यांना राजगृहातच आणलं होतं.

तेव्हा दोस्तांनो, पुढच्या शीटवर खोलीचं माप टाकण्याआधी जरा थांबा. इथं कोण वाचणार, कोण हसणार, कोण एकटं रडणार, एवढं स्वतःला विचारा. मग पेन्सिल उचला.