समुद्राची नाडी पाहणारा अभियंता

योहान फान फेन यांचा जन्म १८९३ सालचा, नेदरलँड्सच्या उत्तरेतला. नोकरी सरकारी जलखात्यात. भरतीचे पाणी खाड्यांतून आत कसे चढते हे कागदावर मांडणे फार किचकट होते, म्हणून त्यांनी विजेचा आधार घेतला. पाण्याची पातळी म्हणजे विजेचा दाब, वाहते पाणी म्हणजे विद्युतप्रवाह, तळाचे घर्षण म्हणजे रोध. रक्तदाब आणि रक्तवाहिन्यांचा रोध यांचे नाते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही मांडणी चटकन पटेल. खाडीचे एक तोंड बंद केले तर दुसऱ्या गावी पाणी किती चढेल, याचा अंदाज बांध घालण्याआधीच घेता येऊ लागला.

अंदाज काळजीचा होता. रॉटरडॅम आणि डोर्ड्रेख्टच्या परिसरातले बांध मोठ्या वादळी उधाणापुढे तोकडे पडणार होते. १९३९ साली समिती नेमली गेली, पण मग महायुद्ध आले, आणि नंतर पैशाची चणचण. लोकांना याची फारशी कल्पनाच नव्हती. निदान झाले, पण रुग्णाच्या घरच्यांना सांगितले नाही, असाच हा प्रकार! सरकारी नोकराला उघड बोलण्याची सोय नसते. फान फेन यांनी ‘डॉक्टर कॅसँड्रा’ या टोपणनावाने लिहिले. ग्रीक पुराणातली ही स्त्री खरे भाकीत करी, पण तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नसे. १९४५ साली त्यांनी अ‍ॅमस्टरडॅमच्या १७०० पासूनच्या पाणीपातळीच्या नोंदी तपासल्या. जमिनीच्या तुलनेत समुद्र चढतो आहे, हे त्यांतून दिसत होते.

२९ जानेवारी १९५३ रोजी खाड्यांची तोंडे बंद करण्याचा त्यांचा अहवाल सादर झाला. तिसऱ्या दिवशी मध्यरात्रीनंतर उधाण आले. बांध फुटले, १,८३६ माणसे दगावली. रॉटरडॅमजवळ हॉलंड्स आयसेल नदीचा बांध खचला, तेव्हा एका तांडेलाने आपली नाव त्या भगदाडात आडवी घातली, म्हणून मागचा सखल, दाट वस्तीचा मुलूख वाचला.

तीन आठवड्यांच्या आत डेल्टा आयोग नेमला गेला. सचिव फान फेन. १९५८ साली कायदा झाला, आणि त्याच वर्षी त्याच आयसेल नदीवर उधाण अडवणारा पहिला दरवाजा चालू झाला. पुढच्या वर्षी, १९५९ मध्ये, ते गेले. रॉटरडॅमच्या जलमार्गावरचे दोन प्रचंड दरवाजे बसायला १९९७ उजाडले.