ज्याला कमी मिळालं त्याला आधी : राजर्षी शाहू महाराज

राजर्षी शाहू महाराजांचा फोटो आपल्या बहुतेक विहारांत फुले आणि बाबासाहेबांच्या बरोबरीने लावलेला असतो. जयंतीला हार घातला जातो, भाषणात नाव घेतलं जातं. पण या राजाने नेमकं काय केलं आणि ते करताना काय विचार केला, हे आपल्या मुलांना विचारलं तर आरक्षण या एका शब्दाच्या पुढे त्यांना फारसं सांगता येत नाही. दोष मुलांचा नाही, आपणच सांगत नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांचं जीवनकार्य थोडक्यात मांडत आहे.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. आई राधाबाई त्यांच्या अगदी लहानपणीच वारल्या. १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर ते दत्तक गेले. पुढे राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाडला फ्रेझरसाहेबांच्या हाताखाली त्यांचं शिक्षण झालं. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा त्यांना वीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

कारभार हाती आल्यावर त्यांनी दरबाराकडे नजर टाकली तर काय दिसलं? सर्वसाधारण प्रशासनातल्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. राज्यातली प्रजा मात्र बहुतांश शेतकरी, कारागीर, बलुतेदार आणि अस्पृश्य. नोकरीत जायचं तर शिक्षण पाहिजे. शिक्षण घ्यायचं तर कोल्हापुरात राहायला जागा पाहिजे आणि दोन वेळचं जेवण पाहिजे. खेड्यातल्या पोराकडे यातलं काहीच नव्हतं.

म्हणून १८९६ मध्ये राजाराम कॉलेजला जोडून एक वसतिगृह सुरू झालं. ते सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी होतं. दार सगळ्यांना उघडं होतं, कोणाला बंदी नव्हती. तरीही थोड्याच काळात तिथे ब्राह्मण विद्यार्थीच राहिले. कारभार ज्यांच्या हाती, त्यांचीच मुलं आत, बाकीची बाहेर. ही गोष्ट आपण नीट लक्षात ठेवली पाहिजे, कारण महाराजांच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ इथे आहे. दार उघडं ठेवलं म्हणजे सगळे आत येतात असं नाही. ज्याला उंबरठ्यापर्यंत येताच येत नाही, त्याला उघड्या दाराचा काय उपयोग?

त्यातच १८९९ मध्ये वेदोक्ताचं प्रकरण घडलं. पंचगंगेवर स्नानाच्या वेळी राजाचाच पुरोहित महाराजांसाठी पुराणोक्त मंत्र म्हणतो, कारण त्याच्या लेखी राजाही शूद्रच, हे उघड झालं. गादीवर बसलेल्या माणसाची ही गत, तर गावकुसाबाहेरच्या माणसाची काय असेल! महाराजांचा विचार इथून अधिक पक्का झाला.

१९०१ मध्ये त्यांनी मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं. मग जैन, मुसलमान, लिंगायत अशी एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहत गेली. आपल्या अस्पृश्य मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह निघालं. जातीजातींची वेगळी वसतिगृहं कशाला, असं आज कोणी विचारेल. त्याचं उत्तर १८९६ च्या अनुभवात आहे. एकत्र वसतिगृहात जो आधीच पुढे होता तोच आणखी पुढे गेला. म्हणून जो मागे राहिला त्याच्यासाठी स्वतंत्र सोय करावी लागली.

दुसरं मोठं पाऊल म्हणजे २६ जुलै १९०२ चा हुकूम. सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी महाराज तेव्हा विलायतेला गेले होते. राज्यातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या, म्हणजे ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात, असा तो हुकूम. मागासलेले कोण, हेही त्यात स्पष्ट केलेलं होतं. ज्या कचेरीत मागासलेल्यांचं प्रमाण निम्म्याहून कमी असेल, तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करायची. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक खात्याच्या प्रमुखाने दर तीन महिन्यांनी तक्ता पाठवायचा. नुसता हुकूम काढून महाराज थांबले नाहीत, त्यांनी हिशेब मागितला. त्याचा परिणाम असा, की १९१२ पर्यंत त्याच प्रशासनातल्या ९५ जागांपैकी ब्राह्मण अधिकारी ३५ राहिले.

कोल्हापूरकडे एक गोष्ट अजून सांगितली जाते. एका वकिलाने महाराजांना म्हटलं, की शिष्यवृत्त्या आणि नोकऱ्या गुणांवर द्याव्यात, जातीवर नको. महाराज त्याला पागेत घेऊन गेले. घोड्यांना तोबऱ्यातून वेगवेगळं खायला देत होते. महाराजांनी सगळा चंदी-चारा एकाच ठिकाणी टाकायला लावला. दांडग्या घोड्यांनी लाथा मारून अशक्त घोड्यांना आणि शिंगरांना मागे सारलं आणि सगळं आपणच फस्त केलं. मग महाराजांनी विचारलं, की आता या दुबळ्यांना वेगळं द्यायचं का त्यांना गोळ्या घालायच्या? ही गोष्ट तोंडातोंडी चालत आलेली आहे, पण महाराजांचा कारभार पाहिला तर तो असाच होता.

१९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. जो बाप मुलाला शाळेत पाठवणार नाही त्याला महिन्याला एक रुपया दंड. आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम दिला. बघा, वसतिगृहं वेगळी पण शाळा एकच! यात विसंगती नाही. शहरात टिकून राहण्यासाठी वेगळा आधार हवा होता. पण वर्गात बसताना वेगळी शाळा म्हणजे शिवाशिवीला सरकारी मान्यता, म्हणून ती बंद केली. कुठे वेगळं द्यायचं आणि कुठे एकत्र आणायचं, हे ओळखणं हेच खरं काम.

१९१८ मध्ये त्यांनी महार वतन खालसा केलं. थोड्याशा वतनी जमिनीच्या बदल्यात अख्खं घराणं रात्रंदिवस सरकारच्या आणि गावाच्या कामाला जुंपलेलं, ही गुलामी आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगली आहे. कोल्हापुरात त्या जमिनी रयतावा करून दिल्या गेल्या. वतनाच्या याच प्रश्नावर बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात बिल आणलं. महार, मांग, रामोशी, बेरड यांना चावडीवर लावावी लागणारी हजेरीही महाराजांनी १९१८ मध्येच बंद केली. ज्या फासेपारध्यांना लोक जन्मजात चोर समजत, त्यांना त्यांनी जवळ केलं, काम दिलं, सोनतळीच्या आपल्या मुक्कामावर पहाऱ्याला ठेवलं.

कागदावरचा कायदा माणसाच्या मनात उतरत नाही हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे महार समाजाचे नोकर होते. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारलं गेलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केलंच, शिवाय गंगारामांना पैसे देऊन कोल्हापुरात हॉटेल काढून दिलं. महाराच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. तेव्हा महाराज स्वतः गाडी हॉटेलापुढे थांबवून चहा मागवू लागले, आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजू लागले. राजाने प्याल्यावर नाही कोण म्हणणार? पुढे महाराजांचं कोल्हापुरातलं पहिलं स्मारक उभं करण्यात याच गंगारामांनी पुढाकार घेतला.

आपल्या चळवळीशी त्यांचा संबंध तर थेट आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केलं, त्याला महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. २१ आणि २२ मार्च १९२० ला कागल जहागिरीतल्या माणगावला परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब होते. महाराज स्वतः तिथे आले, आणि तुम्हाला तुमचा खरा पुढारी मिळाला आहे अशा अर्थाचं बोलले. आम्ही तुमचे पुढारी होतो असं ते म्हणाले नाहीत. गादीवरचा राजा दुसऱ्याच्या पुढारीपणाला जागा करून देतो, ही साधी गोष्ट नाही. त्याच वर्षी नागपूरच्या बहिष्कृत परिषदेचे ते अध्यक्ष होते. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वय अवघं ४७.

आता थोडं आपल्याबद्दल. वस्तीत अभ्यासिका काढली, शिवणवर्ग काढला, वह्या वाटल्या, की आपण म्हणतो सगळ्यांसाठी खुलं आहे. पण संध्याकाळी धुणीभांडी करणाऱ्या आईला हातभार लावणारी मुलगी त्या अभ्यासिकेत कधी येणार? गेल्याच वर्षी गावाकडून आलेलं, भाड्याच्या खोलीत राहणारं कुटुंब वर्गणी देऊ शकत नाही, म्हणून त्याचं नाव यादीतून सुटतं का? कमिटीवर त्याच त्या चार घरांतली माणसं असतात का? दर तीन महिन्यांनी आपणही असा तक्ता करून पाहावा : कोण आलं, कोण आलं नाही, आणि जे आलं नाही ते का आलं नाही. मग वेळ बदलावी लागेल, फी सोडावी लागेल, कोणाच्या तरी घरी जाऊन बोलावून आणावं लागेल. बाबासाहेबांनी सांगितलेली समता नुसती वंदनेच्या वेळी एका ओळीत बसण्यापुरती नाही.

शाहू महाराजांकडे राज्य होतं, खजिना होता. आपल्याकडे तसं काही नाही. पण ज्याला कमी मिळालं त्याच्याकडे आधी बघायचं, एवढं करायला राज्य लागत नाही. या लोकराजाला विनम्र अभिवादन.