महर्षी विठ्ठल रामजी शिंदे : जात आणि जबाबदारी

जन्माने मिळालेल्या सवलतीचा दोष व्यक्तीच्या माथी मारावा काय? आणि एखाद्या समूहावर शतकानुशतके अन्याय झाला असेल, तर त्याची भरपाई करण्याची जबाबदारी आज जगणाऱ्या एकेका माणसावर येते काय? आपल्या वक्तृत्व मंडळात, वसतिगृहात, कँटीनमध्ये हा वाद नेहमी रंगतो. एक बाजू म्हणते, आम्ही काय केले? दुसरी म्हणते, तुम्ही काहीच केले नाही, हाच तुमचा दोष! हे ऐकताना मला महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे चरित्र आठवते. त्यांनी या प्रश्नावर नुसते भाषण केले नाही, तर आयुष्य खर्ची घातले.

शिंद्यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी संस्थानात एका मराठा कुटुंबात झाला. वडील रामजीबाबा वारकरी. घरात भक्ती होती, पैसा नव्हता. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून १८९८ साली ते बी. ए. झाले. सयाजीराव गायकवाडांच्या साहाय्याचा हात पाठीशी होता. १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात त्यांनी धर्मांचा तुलनात्मक अभ्यास केला. असा विद्वान तरुण मोठ्या पगाराची नोकरी सहज मिळवू शकला असता. परंतु परत येऊन ते मुंबईच्या प्रार्थनासमाजाचे प्रचारक झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ब्राह्मणांच्या तुलनेत शिंदे मागासलेल्या वर्गातले. अस्पृश्यांच्या तुलनेत मात्र ते वरच्या पायरीवर उभे होते. आपल्यापैकी बहुतेकांची स्थिती अशीच असते. वर पाहिले की आपल्याला आपल्यावरचा अन्याय दिसतो, आणि खाली पाहायचे आपण टाळतो. शिंद्यांनी खाली पाहिले, हे त्यांचे मोठेपण.

१८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत त्यांनी भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी स्थापन केली. अध्यक्ष होते सर नारायण चंदावरकर. परळला शाळा निघाली. पुढे पुणे, हुबळी आदी ठिकाणी शाखा निघाल्या. पुण्यातील नाना पेठेत अहिल्याश्रम उभा राहिला. हे काम त्यांनी दुरून, देणगीदाराच्या थाटात केले नाही. पत्नी रुक्मिणीबाई आणि बहीण जनाक्का यांच्यासह सारे घरच त्यांनी या कामाला जुंपले. त्याची किंमतही मोजली. स्वजातीयांची नाराजी, सनातन्यांचा रोष आणि कायमची आर्थिक ओढाताण त्यांच्या वाट्याला आली.

१९१८ च्या मार्च महिन्यात मुंबईत अस्पृश्यता निवारण परिषद भरली. अध्यक्षस्थानी सयाजीराव महाराज होते. लोकमान्य टिळकांनी तेथे अस्पृश्यतेविरुद्ध भाषण केले. परंतु वैयक्तिक आचरणात अस्पृश्यता न पाळण्याच्या जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली नाही. समूहाच्या वतीने बोलणे सोपे असते, स्वतःच्या नावाने बांधून घेणे कठीण असते, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

पुढे १९२० साल उजाडले. नव्या सुधारणांनुसार मुंबई कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखीव ठेवण्यात आल्या होत्या. शिंद्यांना अशा जागेवर उभे राहणे सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. बहुजन पक्षाच्या नावाने ते सर्वसाधारण जागेसाठी उभे राहिले आणि पराभूत झाले. या प्रसंगाचा आधार घेऊन कोणी राखीव जागांवरच टीका करू लागला, तर ते शिंद्यांवर अन्याय केल्यासारखे होईल. हा निर्णय त्यांनी स्वतःपुरता आणि स्वतःच्या जातीच्या संदर्भात घेतला होता. स्वतः त्याग करणे वेगळे आणि दुसऱ्याला त्यागाचा उपदेश करणे वेगळे!

तथापि त्यांच्या कार्याला एक मर्यादाही होती, ती सांगितलीच पाहिजे. अस्पृश्य समाजात नवे सुशिक्षित नेतृत्व उदयाला येत होते आणि आमच्या वतीने दुसऱ्याने का बोलावे, असा प्रश्न ते विचारीत होते. प्रश्न रास्त होता. डॉ. आंबेडकरांसारखा नेता उभा राहिल्यावर उपकारकर्त्याची भूमिका अपुरीच ठरणार होती. १९२३ साली शिंदे मंडळीच्या कारभारातून निवृत्त झाले. स्वतः रुजवलेल्या झाडाखालून असे उठून जाणे किती जणांना जमेल?

त्यानंतरही ते स्वस्थ बसले नाहीत. १९३० च्या कायदेभंगात त्यांनी तुरुंगवास भोगला. १९३३ साली ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा त्यांचा संशोधनपर ग्रंथ प्रसिद्ध झाला. २ जानेवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. ते काहीसे उपेक्षितच गेले. मराठ्यांना ते परके वाटले आणि अस्पृश्यांना पुरते आपले वाटले नाहीत.

या चरित्रातून मला उमगलेले एवढेच, की जन्म हा अपराध नव्हे, पण तो निमित्तही नव्हे. आपण कोणत्या पायरीवर जन्मलो हे आपल्या हाती नसते. त्या पायरीवर उभे राहून आपला हात कोणाकडे जातो आणि तो हात वेळेवर बाजूला घेता येतो की नाही, याचा जाब मात्र प्रत्येकाने स्वतःच द्यायचा असतो.