सर रोनाल्ड रॉस
हिंवताप दूषित हवेने होतो, असा पूर्वी समज असे. अलमोडा येथे १८५७ साली जन्मलेल्या डॉ. रॉस यांनी तो खोटा ठरविला. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे ॲनॉफिलीस डासाच्या मादीच्या जठरांत त्यांस त्या रोगाचे जंतु आढळले. त्या डासांस आपले रक्त देणारा रुग्ण हुसेन खान. दर डासामागें त्यास एक आणा मिळे! डॉक्टरांस १९०२ सालीं नोबेल पारितोषिक लाभले. आम्हांस त्या रुग्णाचेंही स्मरण अगत्याचे वाटते.

पुढें रॉस यांनी डासांचीं डबकीं बुजविण्याचा ध्यास घेतला. ते १९३२ सालीं निवर्तले. डबक्यांवरील ही मोहीम आतां डासाच्या आनुवंशिक बीजापर्यंत पोहोंचली आहे. २०२४ सालीं जिबुती देशांत बीजांत फेरफार केलेले ॲनॉफिलीसचेच नर सोडण्यांत आले. नर चावत नाहींत. त्यांच्यापासून झालेल्या माद्या मात्र वयांत येण्यापूर्वीच मरतात.